पसरणीच्या घाटात आम्ही उतरलो तेव्हा

तापलेल्या इंजिनाचा वास आला की मला पसरणीचा घाट आठवतो. बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता आणि सांगलीहून आमच्या कॉलेजची सहल महाबळेश्वरला निघाली होती. वाई सोडून घाट चढू लागलो, तोच बसच्या इंजिनातून वाफ उसळली. सर म्हणाले, "गाडीला एवढं वजन ओढवत नाही. मुलींनी वाईत थांबायचं, मुलं वर जाऊन संध्याकाळी परत येतील." घरी किती रडून-भांडून आम्ही परवानगी मिळवली होती! रहिमतपूरकडची माझी मैत्रीण, फौजीची लेक, ताडकन उठली. "उतरतो सर. पण खाली न्हाई जाणार आमी. चालत वरच जाणार." सर ओरडत राहिले, आम्ही पदर खोचून चालू लागलो. बस पुढं गेली, मुलांनी शिट्ट्या मारल्या. उन्हानं डांबर मऊ झालं होतं, खाली कृष्णाकाठची शेतं लहान लहान होत होती. तीन-चार वळणांनंतर बस पुन्हा वाफाळत कडेला उभी दिसली. सर नरमले होते. "बसा गं आता, निघूच थोड्या वेळात." मैत्रीण थांबलीसुद्धा नाही. "तुमी या मागनं, सर." पाचगणीला आम्हीच आधी पोचलो. आता माझे गुडघे दुखतात, तरी "तू घरीच थांब" असं कुणी म्हणालं, की मी आधी चपला शोधते.