मंगलच्या डोळ्यांतलं पाणी

हे मी अजून कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्याला माहीत नाही. आणि आमच्या डॉक्टर सरांना तर — सरांना कळू नये म्हणूनच पुढचं सगळं झालं.

मी नाशिकच्या एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात सिस्टर आहे. ऑपरेशनआधी पेशंटला सगळं नीट समजावून फॉर्मवर सही घ्यायची, हे माझं काम. मंगल पिंपळगावची. कांद्याच्या खळ्यावर माल निवडायला जायची. कित्येक वर्षं तिचं नाक सारखं वाहत होतं; गोळ्या झाल्या, स्प्रे झाले, फरक नाही. शेवटी सरांनी नाकामागची एक नस कापायचं ठरवलं. त्यानं नाकाचं पाणी थांबतं. पण डोळ्यांत पाणी आणणारी नसही तीच — डोळे कोरडे पडू शकतात, कधीकधी कायमचे. रडू आलं तरी अश्रू येत नाहीत. एवढंच सांगायचं होतं तिला.

मी सांगितलं नाही.

गडबड होती, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला पटवत आले. होती का खरंच? बाहेर दोनच पेशंट बसले होते. मग काय होतं? — मला वाटलं, हिला काय कळणार. खळ्यावरची बाई. उगाच प्रश्न विचारत बसेल. मी फॉर्मवर बोट ठेवलं, तिनं तिथे सही केली.

ऑपरेशन चांगलं झालं. पहिल्या तपासणीला ती पेढे घेऊन आली. डोळे तेवढे चुरचुरतात म्हणाली, तर सरांनी ड्रॉप लिहून दिले.

चार महिन्यांनी परत आली, तेव्हा मी तिला आधी ओळखलंच नाही. चेहरा तोच होता. पण डोळे — त्यांच्यावर ओल नव्हती, चमक नव्हती. वाळलेल्या रंगाचे दोन ठिपके असावेत तसे. सर आत होते. ती माझ्याजवळ बसली.

तिचा धाकटा भाऊ टेम्पो उलटून वारला होता.

"सिस्टर, भाऊ समोर ठेवल्याला, आन् माझ्या डोळ्याला टिपूस नाय. बाया माझ्या तोंडाकडंच बघत व्हत्या. म्हणून दहाव्याला ड्रॉप टाकून बसले. आईनं बाटली पाहिली." तिनं आवाज खाली आणला. "आई म्हणती, ही माझी मंगल नाय. हिच्यात दुसरंच कुणीतरी शिरलंय. माझ्या हातचं खात नाय ती आता." आणि मग, अगदी शांतपणे — "मलाबी तसंच वाटाया लागलंय."

तेवढ्यात सर बाहेर आले. सगळं ऐकून तिच्यासमोरच मला म्हणाले, "हिला याची कल्पना दिली होतीस ना?"

"हो सर. दोनदा."

ती माझ्याकडे बघत राहिली. नाही म्हणेल, आता म्हणेल — मी वाट बघत होते. मला ते हवं होतं का? ठाऊक नाही. ती म्हणाली, "सांगितलं आसंल. माझंच ध्यान नसंल."

मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

गेल्या वर्षी एका लग्नासाठी पिंपळगावला गेले होते. रस्त्याकडेच्या खळ्यावरून कुणीतरी हाक मारली. मंगल होती. कांद्याच्या उग्र वासानं माझे डोळे वाहत होते, तिचे कोरडे ठणठणीत. माझा हात धरून ती मला बाकीच्या बायांपुढे घेऊन गेली.

"ह्या त्या सिस्टर. मला समदं सांगितलं व्हतं यांनी, दोन-दोनदा. खुर्ची जवळ वढून बसल्या. म्हणल्या, मंगल, नीट इचार कर, डोळ्यातलं पाणी जाईल. मीच म्हणले, जाऊ द्या."

ती खोटं बोलत नव्हती. तिला ते आठवत होतं — माझी खुर्ची, माझा आवाज, मी कधीच न उच्चारलेली वाक्यं. बाया माझ्याकडे बघत होत्या. एकीनं विचारलं, "खरंच सांगितलं व्हतं का, बाई?"

मी म्हटलं, "हो."