खासदार बोलले नाहीत

माझा थोरला भाऊ खासदार झाला तो भाषणं ठोकून नव्हे. भाषणाचं आणि त्याचं वाकडंच. आमच्या कालव्यावर पाण्याच्या पाळ्या तो लावायचा, वीस वर्षं. ज्याचं पीक जास्त सुकलंय त्याला पाणी आधी, आणि आमच्या शेताला सगळ्यांच्या शेवटी. त्यापायी एका वर्षी आमचा आख्खा मका जळाला. मी थयथयाट केला, तर म्हणतो, "त्यांची निकड मोठी होती रे." अशा माणसाला लोक डोळे झाकून मत देतात. दिलंच.

राजधानीत त्याला दोन खोल्या मिळाल्या. वहिनी सांगायची, लिफ्टमध्ये सगळ्यांना आधी सोडतात आणि मग स्वतः जिना चढतात. आम्ही हसायचो.

मग ते विधेयक आलं. आमच्या नदीचं पाणी कारखान्यांना द्यायचं, म्हणजे कालवा कायमचा कोरडा. दादानं पंधरा दिवस भाषण घोकलं. कुंपणावर बसलेले वीसेक खासदार त्याला म्हणाले होते, "शेतकऱ्याच्या तोंडून ऐकू, मग ठरवू."

यादीत त्याचं नाव चौथं. पाचव्या नंबरची बाई म्हणाली, "माझी आई दवाखान्यात आहे, मला आधी जाऊ द्या." दिलं जाऊ. सहाव्याची गाडी सुटत होती. त्यालाही दिलं. सातव्यानं तर नुसते हात जोडले. तिघंही लांबण लावून बोलले. दादा कागद घेऊन उभा राहिला तेव्हा सभापती म्हणाले, "वेळ संपली, बसा." आणि हा बसला. अरे, बाक बडवायचा, आरडाओरडा करायचा. मूग गिळून बसतो कसला? नऊ मतांनी कालवा गेला.

गावात सभा भरली. म्हातारा लोहार म्हणाला, "तू काय बोललास, तेवढं सांग." थाप मारता आली असती. दादा म्हणाला, "मी बोललोच नाही. दुसऱ्यांना आधी जाऊ दिलं." कोणी शिवीसुद्धा दिली नाही. एकेक करून सगळे उठून गेले.

दोन उन्हाळ्यांत संत्र्याची बाग वाळली. मी तोडायला घेतली त्या दिवशी दादा कुऱ्हाड घेऊन आला आणि बांधावर उभा राहिला. जीव तुटत होता माझा, खोटं कशाला सांगू. बापाच्या जागी तो मला. पण मी म्हणालो, "घरी जा दादा. तुझं इथे काही काम नाही."

जन्मात पहिल्यांदा त्याला असं बोललो. तो गेला. मी संध्याकाळपर्यंत एकटाच झाडं तोडत राहिलो. त्यातली निम्मी त्यानंच लावलेली होती.