आठ दिवस गप्प बसण्याची तयारी

आमच्या चौकातले सलूनवाले काका बोलायला लागले की गिऱ्हाईकाच्या गालावरचा फेस वाळतो. मग ते ब्रश पुन्हा ओला करतात, फेस पुन्हा लावतात आणि गोष्ट जिथे तुटली होती त्याच्या दोन वाक्यं आधीपासून सुरू करतात. लोकांनी त्यांचं नाव रेडिओकाका ठेवलं, त्याला वीसेक वर्षं झाली. त्यांना ते आवडतं. काकू मात्र म्हणतात, "रेडिओला निदान बटण असतं."

पुढचं सगळं मला काकांकडूनच कळलं, तीन वेळच्या कटिंगमध्ये. काकूंचीही त्याला मान्यता आहे. फक्त पडद्याच्या प्रसंगात आपण एवढ्या रडलो नव्हतो, असं त्यांचं म्हणणं आहे.

सुरुवात कॅलेंडरपासून झाली. काकू दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायला असतात. तिथल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका परदेशातल्या समुद्राचं चित्र होतं. पांढऱ्या दगडी पायऱ्या थेट निळ्या पाण्यात उतरत जाणाऱ्या. महिना संपला तरी काकूंनी ते पान उलटलं नाही. दुसरा महिना संपला तेव्हा ते फाडून घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

"अहो, लग्नाला पंचवीस वर्षं होतील. एवढ्या वर्षांत आपण कुठे गेलो?"

"ताईकडे गेलो की."

"तुमच्या ताईकडे समुद्र आहे का?"

काकांनी चित्र जवळ ओढून पाहिलं. पायऱ्या खरंच सुंदर होत्या. त्यांनी लगेच होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या चौकाला कळलं की सलून आठ दिवस बंद राहणार.

आडवी आली ती लेक. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि घरात वाद घालायची एकही संधी सोडत नाही. चित्राखालचं नाव वाचून तिने कपाळावर हात मारला.

"बाबा, हा देश? इथे निवडणुकीत एकच माणूस उभा राहतो. लिहिणारे, बोलणारे सगळे आत आहेत. आणि तुम्ही तिथे पोहायला जाणार?"

"आपण काय त्यांच्या निवडणुकीला चाललोय?" काकू म्हणाल्या. "पायऱ्या तर सरकारने बांधल्या नाहीत ना? त्या जुन्याच आहेत."

"आई, हॉटेलं सरकारची, विमानं सरकारची. तुम्ही हसत फोटो काढणार आणि ते तो फोटो जगाला दाखवणार, बघा, किती आनंद आहे आमच्याकडे."

"मग तिथल्या साध्या माणसांचं काय? त्यांच्याकडे कुणी जायचंच नाही?"

दोघींचंही काकांना पटत होतं आणि हीच त्यांची पंचाईत होती. मग लेकीने शेवटचं अस्त्र काढलं. "बरं, ते सगळं राहू दे. तिथे सरकारबद्दल तोंडातून एक शब्द निघाला तर उचलतात. बाबांना आठ दिवस गप्प बसवायची जबाबदारी तू घेशील?"

काकू पहिल्यांदाच विचारात पडल्या.

काकांच्या गिऱ्हाइकांमध्ये एक चष्मेवाले होते. चौकापलीकडे त्यांचं छोटं दुकान, मागे काचा घासायचं यंत्र. माणूस पन्नाशीचा, नेटका, कुठून तरी बाहेरून येऊन इथे स्थिरावलेला, दर गुरुवारी सकाळी दाढीला यायचा. यायचा, मान हलवायचा, डोळे मिटायचा आणि दाढी झाली की पुन्हा मान हलवून जायचा. नऊ वर्षांत खुर्चीत बसून एक अक्षर बोलला नव्हता. दुकानात मात्र छान बोलायचा. काकांना वाटायचं, आपल्यावरच राग आहे. त्यांनी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं होतं आणि त्याच्या वाट्याचंही स्वतःच बोलून घ्यायचे.

त्या गुरुवारी काकांनी फेस लावता लावता सहलीचा विषय काढला, त्या पायऱ्यांचं वर्णन केलं आणि देशाचं नाव घेतलं. चष्मेवाल्यांनी डोळे उघडले. आरशातून काकांकडे पाहिलं.

"मी तिथलाच," ते म्हणाले.

काकांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. नऊ वर्षांत हा पहिला आवाज. चष्मेवाल्यांनी उठून आधी सलूनचं दार लोटून घेतलं, मग गालावर फेस तसाच ठेवून बसले आणि सांगू लागले.

त्यांच्या गावात एक न्हावी होता. तोही बोलका. तिथे प्रत्येक दुकानात वरच्या साहेबांचा फोटो लावावा लागतो आणि दरवर्षी नवा फोटो येतो. त्या वर्षीचा फोटो टांगता टांगता न्हावी म्हणाला, "साहेब दरवर्षी तरुण होत चाललेत. असंच चाललं तर पाच वर्षांनी इथे दुपट्यातलं बाळ टांगावं लागेल."

काका फिस्सकन हसले आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"मीही असाच हसलो," चष्मेवाले म्हणाले. "खुर्चीत मीच होतो. तो हळू बोलला होता हो. मी मोठ्याने हसलो. बाहेरच्या कुणीतरी ऐकलं, आत येऊन विचारलं, कशाला हसलात? त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. मला समज देऊन सोडलं. तेव्हापासून न्हाव्याच्या खुर्चीत बसलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तुमच्यावर राग नाही. तुमच्या गोष्टी मी सगळ्या ऐकतो. तुमच्या मेव्हण्याने बकरी विकत घेतली ती गोष्ट तर घरी जाऊन सांगितली."

काका खुर्चीच्या हातावर टेकून उभे राहिले. त्यांनी विचारलं, "मग आम्ही जावं की नाही?"

"ते मी कसं सांगू? माझी बहीण तिथेच आहे, त्या पायऱ्यांच्या वरच. तीन खोल्या पाहुण्यांना देते. तुम्ही गेलात तर तिला बरं वाटेल, परदेशातलं कुणी आलं की ती चार दिवस खुशीत असते. पण पाहुणा काय काय बोलला ते तिला रोज सकाळी चौकीवर लिहून द्यावं लागतं. काही वावगं बोललात आणि तिने लिहिलं नाही, तर तिच्यावर येतं. लिहिलं, तर तुमच्यावर."

काकांनी तो फेस पुसून नवा लावला आणि उरलेली दाढी एक शब्दही न बोलता केली.

घरी जाऊन त्यांनी सगळं सांगितलं आणि जाहीर केलं, "जायचं. पण त्या बहिणीकडे राहायचं आणि मी तोंड उघडायचं नाही. आपल्यामुळे त्या बाईला त्रास नको. येत्या सोमवारी रंगीत तालीम."

सोमवार सलूनच्या सुट्टीचा. काकूंनीही लॅबमधून रजा टाकली. सकाळी सातला तालीम सुरू झाली. नियम असा की कामापुरतं 'हो', 'नाही', 'चहा' एवढंच चालेल. परीक्षक लेक.

पहिले दोन तास काकू हरखून गेल्या. त्यांचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून झाला. लेक अधूनमधून सापळे लावत होती. "बाबा, आपल्या रस्त्याचं काम अर्धवट टाकलंय त्याबद्दल काय वाटतं?" काकांच्या मानेची शीर फुगली, पण ते म्हणाले, "चहा." शेजारच्या आजी साखर मागायला आल्या आणि सांगू लागल्या की केसांना मशीन लावलं की केस जाड होतात. काकांनी टेबलाची कड घट्ट धरली. आजी जाता जाता काकूंना विचारून गेल्या की यांना बरं नाही का.

दुपारी जेवण झालं. कुणी कुणाशी बोललं नाही. चमच्यांचा आवाज येत होता. काकू भांडी पुसत होत्या. काका खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसले होते, फोटोला बसवल्यासारखे. नवा पडदा कालच लावला होता. काहीतरी बोलावं म्हणून काकूंनी विचारलं, "अहो, पडदा कसा वाटतोय?"

काकांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "छान."

ते दाराकडे पाहणं काकूंना सहन झालं नाही. त्यांनी हातातलं ताट ठेवलं. "असं नका बघू हो. खरं सांगा, कसा आहे?"

"छान," काका पुन्हा म्हणाले. त्यांना वाटलं, हाही सापळाच.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो बोला ना! घरात कुणी गेल्यासारखं वाटतंय. खरंच विचारतेय मी!"

काकांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने मान डोलावली. आणि सकाळपासून तुंबलेलं सगळं एकदम फुटलं. "पडदा भिकार आहे! असला पडदा दातांच्या डॉक्टरकडे असतो, आतला ओरडणारा बाहेर दिसू नये म्हणून! आणि केस मशीनने जाड होत नाहीत! आणि त्या रस्त्याचा ठेकेदार..." पुढची वीस मिनिटं त्यांनी श्वास कधी घेतला ते कुणाला कळलं नाही. काकू रडता रडता हसायला लागल्या, लेक पोट धरून जमिनीवर बसली.

शेवटी काकूंनी टेबलावरचं चित्र उचललं. "नको. तुम्हाला असं बघायला मी इतक्या लांब जाणार नाही. पायऱ्या काय, कुठेही असतात."

काका गंभीर झाले. "मी आठ तास काढले," ते म्हणाले, "आणि मला माहीत होतं की संपणार आहेत."



गुरुवारी काकांनी चष्मेवाल्यांची माफी मागितली. तुमच्या बहिणीकडे जायचं आम्ही रद्द केलं म्हणाले, आणि तालमीची हकिगत पडद्यासकट सांगितली. चष्मेवाल्यांचे खांदे हलायला लागले. "वस्तरा बाजूला घ्या," ते कसेबसे म्हणाले आणि मोठ्याने हसले, दार उघडं असताना. "बरं झालं नाही गेलात. तुमचं सगळं लिहून काढायचं म्हणजे बिचारीचा हात मोडला असता." मग थोडं थांबून म्हणाले, "तिला पत्रात एवढंच लिहीन की इथे कुणीतरी तिच्याकडे यायला फार धडपडलं."

लग्नाच्या वाढदिवसाला काका-काकू इथून पाच तासांवरच्या एका तळ्याकाठी जाऊन आले. तिथे पायऱ्या होत्या, पण शेवाळलेल्या, आणि काकू दुसऱ्याच पायरीवर बसकन आपटल्या. तिसऱ्या दिवशी काका तिथल्या एका सलूनमध्ये दाढीला गेले. तो सलूनवाला नगराध्यक्षाला रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात शिव्या देत होता. तिथून तो सासूच्या गुडघ्यावर आला, गुडघ्यावरून हवामानावर. चाळीस मिनिटं झाली तरी डावा गाल बाकी होता. काकांनी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा तोंडात फेस गेला. बाहेर बाकावर काकू दुखरी कंबर धरून बसल्या होत्या आणि इतक्या हसत होत्या की शेजारच्या बाईने त्यांना पाणी आणून दिलं.