मलेहाच्या वाळूत पिशवीकाका

पिशवीकाका प्रत्येक पिशवी तोंडाने फुगवून बघत. सुपरमार्केटची, औषधाच्या दुकानातली, मासळीबाजारातून आलेली आणि धुवून वाळवलेली, कुठलीही असो. गाल फुगवून फुंकायची, कानाशी धरून दाबायची. हवा सुटली की नापास. पास झालेल्यांच्या चौकोनी घड्या खिशात भरून ते दुबईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या सहलीच्या बसमध्ये चढत. वळणं सुरू झाली आणि एखाद्या पोराचं तोंड पांढरं पडलं, की काका त्याच्या शेजारी हजर. "ओक रे बाळा, मोकळा हो. पास झालेली आहे." भरलेल्या पिशवीला गाठ मारून ती एका हातात लोंबकळत ठेवायची आणि दुसरी पिशवी तोंडाला लावायची. मी खिडकीकडे तोंड करून बसत असे, वळणांमुळे नव्हे.

मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते आणि स्वतःला भलतीच नाजूक समजत असे. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरी पाहुणा उठला की खुर्ची पुसायची. पर्समध्ये लॅव्हेंडरच्या वासाचे ओले रुमाल, बसची कडी धरायची तर आधी रुमाल, मग मी. आज मी नातवाचं नाक ओढणीने पुसते आणि तो किंचाळतो, "आजी, दॅट्स सो ग्रॉस." तेव्हाच्या मला तो फार आवडला असता.

काका एका हॉटेलच्या धुलाईखात्यात होते. इंटरनॅशनल सिटी नावाच्या स्वस्त वस्तीत एका खोलीत सहाजण राहत, त्यातला एक पलंग त्यांचा. बायको नव्हती, मुलं नव्हती. मंडळाचे ते सभासदही नव्हते, कारण आमची वर्गणी कुटुंबामागे असायची आणि यांच्याकडे कुटुंबच नव्हतं. पण शुक्रवारच्या सुट्टीत सहल निघाली की ते येत, ओकाऱ्या धरत, कचरा उचलत, आणि लोकांच्या पोरांकडून काका म्हणवून घेत. एकदा मला म्हणाले, "वहिनी, अठ्ठावीस वर्षं लोकांच्या चादरी उचलतोय. तोंडावरून माणूस कळत नाही हो, चादरीवरून कळतो." मी त्या दिवशी जेवले नाही.

तर ती सहल. सेक्रेटरींनी निरोप पाठवला होता, "ग्रीक अवशेष, एक दिवस, जेवणासह." माझ्या डोळ्यांपुढे पांढरेशुभ्र खांब आले. खांबाला टेकून फोटो काढायचा म्हणून मी निळी सिल्कची साडी नेसले, काळा चष्मा लावला. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, त्यांनाही घेतलं. बस शारजाच्या वाळवंटात मलेहाला थांबली आणि आम्ही उतरून पाहिलं, तर गुडघ्याएवढ्या मातीच्या भिंती. खांब एकही नाही. टेकायचं तर बसलाच.

गाईड केरळचा होता, हिंदीत सांगत होता. इथले लोक ग्रीकांसारखी नाणी पाडत, ग्रीक बेटावरून दारूचे रांजण येत, त्यांचे तुकडे इथे सापडले. सगळे ऊन चुकवत होते. काकाच तेवढे पुढे झाले. "सापडले कहाँ?"

"जहाँ लोग फेंकते थे, अंकल. हमारे लिए तो कचरा ही सब कुछ है."

काकांनी वळून आमच्याकडे बघितलं. परीक्षेत पहिला आलेला मुलगा बघतो तसं. "ऐकलंत? दोन हजार वर्षांनी आपलं कोणी उकरलं तर लाज निघायला नको. डायपर वाळूत पुरू नका."

जेवण मांडवाखाली होतं. चिकन, पुलाव, दही, जिलबी. जिलबी चिकटते म्हणून सासूबाईंनी कवळी काढली आणि ताटाशेजारी कागदी रुमालावर ठेवली. गुलाबी हिरड्या, त्यांत अडकलेलं कोथिंबिरीचं पान, वर एक माशी. मी तोंड फिरवलं. मग त्या हात धुवायला गेल्या तेव्हा, माशी उठेना म्हणून, मी माझे दोन ओले रुमाल टाकून ती झाकली. पाच मिनिटांनी टेबल आवरताना तो ओला गोळा दिसला आणि मी तो चिमटीत धरून, न बघता, कचऱ्यात टाकला.

सासूबाई परत आल्या आणि त्यांचा पदर तोंडावर गेला. परवा पहाटेचं विमान, चार दिवसांनी थोरल्या नातीचं लग्न. "मी बोळक्या तोंडाने उभी राहू का गं मांडवात?" असं त्या म्हणाल्या, पण दातांशिवाय ते धड उमटलंही नाही. त्यांना मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मी कुठे टाकलं ते मला आठवलं होतं. मी टेबलाखाली शोधत राहिले.

पन्नास माणसांच्या कचऱ्याच्या नऊ काळ्या पिशव्या होत्या. काकांनी बाह्या वर केल्या आणि पहिली वाळूवर ओतली. हाडं, दह्यात भिजलेला पुलाव, डायपर, आणि सकाळच्या त्या गाठ मारलेल्या पिशव्या, त्यातली एक फुटलेली. उन्हात असा भपकारा सुटला की लोक नाकाला रुमाल लावून बसमध्ये जाऊन बसले. काका मांडी घालून, उघड्या हातांनी, एकेक गोळा उलगडत होते. सहाव्या पिशवीत कवळी सापडली. त्यांनी तो लॅव्हेंडरचा रुमाल नाकाशी नेला, माझ्याकडे बघितलं, रुमाल बाजूला टाकला आणि बाटलीतल्या पाण्याने कवळी धुतली.

"माझ्याच हातून गेली, मावशी," ते म्हणाले. "आवरताना बघितलं नाही."

दात बसताच सासूबाईंना वाचा फुटली. "घाणीत हात घालून घालून या माणसाला वस्तू आणि कचरा यातला फरक कळेना झालाय." बस दुबईत शिरेपर्यंत हेच चालू होतं. काका मान खाली घालून पुढच्या सीटवर. उतरताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्हाला अजून दोन दिवस त्यांच्याबरोबर काढायचेत." त्यांच्या हाताचा वास आला आणि मी मागे सरकले. हो, तेव्हासुद्धा.

पुढच्या बैठकीत सासूबाईंचंच वाक्य सेक्रेटरींनी गोड करून सांगितलं. "काका, आता आराम करा. यापुढे टूर कंपनी बघेल सगळं. खलास."

"बरं," काका म्हणाले. त्यांनी खिशांतल्या सगळ्या घड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि गेले. सेक्रेटरींच्या बायकोने पेनच्या टोकाने त्या ढकलत डब्यात पाडल्या. मी समोर बसून चिवडा खात होते. एक वाक्य बोलायचं होतं. चिवडा चांगला होता.

दोन वर्षांनी कळलं, काका कायमचे गावी गेले. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, सांगलीला फोन लावला आणि सासूबाईंना सगळं सांगून टाकलं.

"त्याचा नंबर दे," त्या म्हणाल्या. "मी बोलते त्याच्याशी."

"इथला होता. बंद झालाय."

"गाव?"

"कोकणात कुठेतरी."

"नाव सांग. मी काढते शोध."

मी आठवून पाहिलं. आठ वर्षं तो माणूस आमच्या पोरांच्या ओकाऱ्या धरत होता.

"पिशवीकाका," मी म्हणाले.

"शी," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.