मुलीच्या नावावरची मतं

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी एकाच पक्षातले दोघे एकमेकांच्या उरावर बसले होते, आणि रक्तदाब वाढत होता इकडे आखातात, आमच्या अल हिलालच्या फ्लॅटमध्ये. तिकडचे निकाल इकडे पहाटे येत. रास लफानच्या गॅस प्रकल्पावर जाणाऱ्या कंपनीच्या बसची वाट बघत माझा नवरा टॅबलेटवर एका समालोचकाला ऐकत चहा प्यायचा. त्या समालोचकाचं सगळं 'आपला तो बाब्या' पद्धतीचं. त्याचा उमेदवार जिंकला की जनतेचा कौल, हरला की मोजणीत घोळ.

नवरा नुसतं ऐकून थांबेल तर ना! तो खाली कॉमेंटही लिहायचा. तिथे याला ना मत ना घर, पण लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस भारी. तेही मी हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या मुलीला तिकडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, व्हिसाची मुलाखत तोंडावर आली होती, आणि हाच माणूस तिला रोज बजावत होता, की इंटरनेटवर राजकारणाबद्दल चकार शब्द काढायचा नाहीस. व्हिसा देताना सोशल मीडियाची खाती बघतात, असं त्याने ऑफिसात ऐकलं होतं. ती "ओके बाबा" म्हणून गप्प बसायची.

मुलाखतीच्या आठवड्यात तिने आपली खाती तपासायला घेतली. टॅबलेट तिच्या ऑनलाइन शाळेच्या वेळचा, त्यावरचं खातंही तिचंच. घरातली वस्तू सगळ्यांची, असं धरून आम्ही तो वापरत आलो होतो. जेवताना तिने एकेक कॉमेंट वाचून दाखवली. वर तिचं नाव आणि शाळेच्या युनिफॉर्ममधला फोटो, खाली पक्षातले म्हातारे चोर आहेत, मोजणारे विकले गेलेत, असलं काहीबाही. ती थांबायला तयार नव्हती. नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"पुसून टाक," तो म्हणाला.

ती इंग्रजीत म्हणाली, की या खात्याची माहिती अर्जात देऊन झाली आहे, आता पुसलं तर लपवल्यासारखं दिसेल. मग मात्र माझा तोल गेला. बारा वर्षं पोरीने अभ्यासात मान मोडली ती तुझ्या त्या बाब्यासाठी का, असं मी विचारलं. मुलाखतीपर्यंत टॅबलेटला कोणी हात लावला नाही आणि घरात कामापुरतंच बोलणं झालं.

मुलाखतीला ती एकटीच वकिलातीत गेली. आम्ही गाडीत एसी लावून बसलो, तरी त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती. व्हिसा नाकारला तर तिला काय तोंड दाखवू, असं तो एकदाच म्हणाला. मला त्याची कीव आली आणि रागही तसाच राहिला.

ती बाहेर आली. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला होता, म्हणजे व्हिसा मिळाला होता. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. कॉमेंटबद्दल विचारलं का, असं त्याने भीतभीत विचारलं.

"विचारलं ना. मी सांगितलं, ते बाबांचं मत आहे. माझं उलट आहे."

इतके महिने एका घरात राहून त्याला हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

"उलट म्हणजे? तुला कोण हवाय?"

ती मागच्या सीटवर बसली, पट्टा लावला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "हे मला आधी त्या ऑफिसरने विचारलं, बाबा."