सामनेवाला नसलेला अर्ज

सुजाता गेल्याचा फोन आला, तेव्हा मी निपाणीच्या कचेरीसमोर एक वारसा-अर्ज लिहीत होतो. वाक्य अर्धवट टाकू नये, हा माझा शिरस्ता. ते पुरे करूनच उठलो... त्या दिवशी तो मोडायला हवा होता.

सुजाता माझ्या शेजारच्या शेवंताक्कांची लेक. आई तंबाखूच्या वखारीत राबली, मुलगी बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ झाली. माझे शिक्षण नववीत थांबले असले, तरी मराठी आणि कन्नड दोन्हींत पक्का अर्ज हवा असल्यास लोक माझ्याकडेच येतात. म्हणूनच असेल, सुट्टीला आली की आपले संशोधन ती मला समजावून सांगे. फ्लूच्या विषाणूची प्रथिने पेशीच्या केंद्रकात कशी शिरतात आणि काम उरकून बाहेर कशी पडतात, हा तिचा विषय. केंद्रकाच्या दारातून मोठ्या प्रथिनाला एकट्याने जाता येत नाही. पेशीचे वाहक त्याला नेतात. पेशीच्या स्वतःच्या प्रथिनांवर असते तसलीच खूण विषाणूच्या प्रथिनावरही असते. ती पाहून वाहक त्यालाही आत नेतो. बाहेर येण्याची खूण निराळी.

"म्हंजे शिपायानं चिरीमिरी खाल्ली म्हण की," मी म्हणालो.

"न्हाय वो मामा. त्यानं खूण बघितली, आत न्हेलं. त्येचं कामच त्ये."

"मग पयली चौकशी त्येचीच."

ती हसली. "तुमास्नी तकरारीला सामनेवाला लागतोयच बघा. हितं कुणाचीच चूक न्हाय. समदी आपापलं काम करत्यात, आन् तरी पेशी मरती."

मी वाद वाढवला. बाहेर पडण्याच्या खुणेवर तिचे खरे काम चालले होते, ते ऐकायचे राहूनच गेले.

तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. आई तेव्हा बेंगळुरूला तिच्याजवळच होती. पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर शेवंताक्का माझ्या टेबलाशी आल्या.

"आप्पा, अर्ज लिवा. माझी पोर गेलीया, कुणीतरी जबाब द्याला पायजे."

मी कोरा कागद घेतला. "डॉक्टर उशिरा आला?"

"न्हाय. पळतच आलता."

"मग गाडी मिळाली न्हाय?"

"तिच्या शेजारच्यांनी लगेच काढली की..." त्यांनी कोऱ्या कागदावर बोट ठेवले. "मग कुणावर लिवायचं, आप्पा?"

इतक्या वर्षांत या प्रश्नावर मी कधी अडलो नव्हतो. मी अर्जदार म्हणून त्यांचे नाव लिहिले आणि सामनेवाल्याची जागा कोरी सोडली.

शेवंताक्का अजूनही दुपारच्या येतात आणि अर्जदारांच्या बाकावर बसून राहतात. त्यांचं काय काम हाय, असे कुणी विचारले, तर मी सांगतो, लिवायचं चाललंय.