बुधवारी संध्याकाळी ठरलेलं नाव

माझ्या कादंबरीच्या नावावर मुलं हल्ली कॉलेजात निबंध लिहितात. एकीने तिचा मला वाचून दाखवला. त्यात काळाचं चक्र होतं, मानवाची आशा होती, मला स्वतःला न सुचलेलं बरंच काही होतं. मी मान डोलावली. पोरीने मेहनत घेतली होती. प्रत्यक्षात ते नाव बुधवार पेठेत, प्रकाशकांच्या पोटमाळ्यावर, घड्याळाकडे बघत ठरलं.

तेव्हा मी चाळिशीत होते आणि स्वतःला द्रष्टी वगैरे समजत होते. शहरात नव्या कंपन्या येत होत्या, गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. मी लिहिलं होतं ते असं: एक यंत्र सगळं शहर चालवतं, आणि ते थांबवायचं कसं हे कुणालाच ठाऊक नाही. दोन प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. तिसऱ्याने घेतलं, तेही तोंडावर सांगून, "सध्या कॉम्प्युटरची हवा आहे. पुढच्या दिवाळीला नसेल."

सगळं छापून तयार होतं, मुखपृष्ठ सोडून. खर्च वाचावा म्हणून छापखान्यात एका मोठ्या कागदावर चार पुस्तकांची मुखपृष्ठं एकदम छापत. चौथा कोपरा माझा. गुरुवारी आमच्याकडे वीज बंद, म्हणून त्याची छपाईची प्लेट बुधवारी रात्रीच करायची होती. नाव कॉम्प्युटरवर जुळवून, मुखपृष्ठाच्या चित्रावर चिकटवून सातच्या आत छापखान्यात पोचायला हवं. नाहीतर कोपरा दुसऱ्याला आणि माझं पुस्तक कायमचं माळ्यावर. तो दुसरा पोटमाळ्यावरच, बाकावर बसला होता: फराळाचं पुस्तक लिहिणाऱ्या बाईंचे यजमान, मांडीवर मुखपृष्ठाचं पाकीट, चेहऱ्यावर सहानुभूती.

"नाव सांगा," प्रकाशक म्हणाले.

"यंत्रमेधाविलयपर्व."

टाइप करणाऱ्या मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "काकू, दोन ओळींत तोडू?"

"तोडायचं नाही. ते अखंड आहे."

तिने अक्षरं लहान केली. आणखी लहान केली. चित्राच्या मापात बसलं तेव्हा ते मुंग्यांच्या रांगेसारखं दिसत होतं.

"प्रत्येक प्रतीबरोबर भिंग देऊ या," प्रकाशक म्हणाले. "माझं ऐका. 'रक्तपिपासू संगणक'."

"कादंबरीत रक्ताचा थेंब नाही."

"ते विकत घेतल्यावर कळेल ना त्यांना."

"मग नका छापू."

हे वाक्य मी घरून पाठ करून आले होते. ते ऐकून समोरचा हादरेल, गयावया करेल, असं या बाईसाहेबांना वाटलं होतं. प्रकाशकांनी घड्याळ पाहिलं आणि बाकाकडे वळले. "काय हो, तुमचं तयार आहे?"

"केव्हाचं." गृहस्थ उठलेसुद्धा.

पाठ केलेल्यात पुढचं वाक्यच नव्हतं.

"थांबा," मी म्हणाले. "मला एक दिवस द्या."

"एक दिवस? अहो बाई, उद्या गुरुवार. पुण्यातच राहता ना?"

"उद्या गुरुवार," गृहस्थांनी री ओढली. "आमची टाकीही भरायचीय अजून."

मुलीची बोटं थांबली. सगळं पुस्तक तिनेच टाइप केलं होतं. "काकू, शेवटच्या प्रकरणात लोक एकमेकांना हेच सांगतात ना? कुजबुजत?"

सांगतात. शास्त्रज्ञ, उपग्रह, लष्कर, सगळं पणाला लावूनही माझं यंत्र हरत नव्हतं. शेवटी ते बंद पडतं आठवड्याच्या वीजकपातीने, आणि आदल्या दिवशी दुधाच्या रांगेत, जिन्यावर, बसथांब्यावर लोक नुसतं म्हणतात, उद्या गुरुवार. ते मीच लिहिलं होतं. पण मुखपृष्ठावर? शब्दकोश उपसून तयार केलेल्या माझ्या समासाच्या जागी?

"हे नाव नाही, हा वार आहे," मी म्हणाले.

प्रकाशकांनी ते दोन शब्द पुन्हा म्हणून पाहिले, सावकाश, आवाज खाली घेऊन. "भीती वाटते," ते म्हणाले.

"तुम्हाला?"

"मला कशाला? गिऱ्हाइकाला. बोला लवकर. हे गृहस्थ उभे आहेत."

गृहस्थ उभेच होते, पाकीट पुढे धरून. सात वाजत आले होते.

"टाका," मी म्हणाले. इतक्या हळू, की मुलीने विचारलं, "काय टाकू?" तेव्हा 'उद्या गुरुवार' हे मला मोठ्याने म्हणावं लागलं. जिभेवर कडूजहर.

तिने अक्षरं वाढवली. आणखी वाढवली. आता ती चित्रभर ऐसपैस बसली. कागद बाहेर आला, तिने पट्टी कापली, डिंक लावला, तळहाताने दाबली. गृहस्थ परत बाकावर बसले. प्रकाशक चित्र काखेत मारून जिना उतरू लागले आणि मी त्यांच्या मागे.

"निदान आतल्या पानावर," मी म्हणत होते, "उपशीर्षक म्हणून, कंसात. लहान अक्षरांत चालेल मला."

"बाई, बाजूला व्हा." त्यांनी स्कूटरला किक मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती सुरू झाली आणि ते गर्दीत शिरले.

माझं पुस्तक छापायला निघालं होतं, आणि मी दहा पावलं त्याच्या मागे धावत कंसासाठी भांडत होते.